घर विकायला काढताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या जुन्या मराठी वस्त्यांतून, तसेच कारेलीबाग, मांजलपूर, समा या नंतर वाढलेल्या भागांतून घरविक्रीविषयीची पत्रे या सदराकडे बरीच येऊ लागली आहेत. मुले पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेली असतात, घराला कुलूप असते किंवा त्यात एकच वयस्कर माणूस राहत असते, आणि पत्राचा सूर बहुधा सारखाच असतो : लोक येतात, घर पाहतात, चहा घेतात, ‘कळवतो’ म्हणून जातात आणि पुन्हा फोन येत नाही. घर आवडले नाही म्हणून परत गेलेल्या माणसांपेक्षा मनात शंका राहिली म्हणून परत गेलेली माणसे कितीतरी अधिक असतात, असे माझे ठाम मत आहे. ही ओल कुठली, कागदावर नाव कोणाचे, पुराचे पाणी कुठवर आले होते, या शंका त्यांनी बोलून दाखवण्याआधीच दूर करणे ही विक्रीची खरी तयारी होय. पुढील उत्तरे याच दृष्टीने दिली आहेत.

कारेलीबागेत १९८४ साली आईवडिलांनी बांधलेले टेनामेंट (स्वतंत्र बैठे घर) आम्ही दोघे भाऊ विकू इच्छितो. घर वर्षभर बंद आहे. मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करून घेतल्यास भाव वाढून मिळेल, असे दलालाचे म्हणणे आहे. त्यावर पाच-सहा लाख रुपये घालावेत का?
— एक वाचक, सध्या पुणे

घालू नयेत. चाळीस वर्षांचे टेनामेंट घेणारा माणूस मुख्यतः जागा, रस्ता आणि शेजार यांचे पैसे देत असतो; स्वयंपाकघर तो स्वतःच्या पसंतीने करून घेणार असतो आणि कित्येकदा तर सारे पाडून नवे बांधण्याचाच त्याचा विचार असतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही निवडलेल्या सनमायक्याची किंमत शून्य. फॉल्स सीलिंगचा तर तोटाच होण्याचा संभव अधिक, कारण जुन्या घरात नवे कोरे छत दिसले की अनुभवी खरेदीदार त्यामागे स्लॅबच्या गंजलेल्या सळ्या झाकल्या असतील असेच धरून चालतो आणि त्याच्या मनातील दुरुस्तीचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

खर्चाचा पहिला मान पाण्याचा. गच्चीवर चायना मोझेक (फुटक्या टाइलांच्या तुकड्यांची फरशी) असेल तर त्याचे तुकडे हाताने ठोकून पाहावेत. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली पाणी शिरत असते. गच्चीची फरशी आणि कठडा यांचा सांधा, पन्हाळीचे तोंड आणि भिंतीतून वर निघणाऱ्या पाइपांच्या बुडाची जागा ही गळतीची नेहमीची ठिकाणे असतात. हे काम मे महिन्यात उरकावे आणि एक पाऊस अंगावर घेऊन मगच आतील रंग लावावा. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग किंवा फुगवटा दिसत असेल तर जाणत्या इंजिनिअरला दाखवून तेवढा भाग फोडावा, सळई साफ करून घ्यावी आणि केलेल्या कामाचे बिल जपून ठेवावे. ते बिल खरेदीदाराच्या हाती दिले म्हणजे स्लॅबविषयीचा निम्मा वाद तिथेच संपतो.

दुसरी जागा भिंतींचा पायथा. लोणा लागून पोपडे निघालेल्या भिंतीवर ऑइल पेंट चढवण्याची चाल आपल्याकडे फार आहे आणि ती चुकीची आहे, कारण ओल आतल्या आत कोंडते आणि महिन्या-दोन महिन्यांत रंगाला फुगे येतात, नेमके तेव्हाच घर दाखवायचे असते. ओल जमिनीतून वर चढते आहे की एखादी नळी झिरपते आहे, हे आधी ठरवावे. न्हाणीघराची पाठभिंत ज्या खोलीत येते तिथे बहुतेक घरांत कपाट लावलेले असते. ते कपाट ओढून पाहा, मागच्या काळ्या डागावरूनच पुष्कळ काही कळेल. घर पाहायला आलेली वडीलधारी मंडळी हेच करतात : थेट गच्ची गाठतात, नळ सोडून पाहतात, फ्लश ओढतात आणि कपाटामागे डोकावतात. दिवाणखान्याच्या रंगाकडे त्यांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते.

तुमचे घर बंद आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घर वापरात नसले की न्हाणीघराच्या आणि मोरीच्या जाळीखाली वाकड्या नळीत जे पाणी साठून राहते ते आटून जाते, आणि तेच पाणी गटाराची दुर्गंधी आणि झुरळे अडवून धरत असल्यामुळे घरभर कुबट वास भरतो. बंद घर पाहून माणसे ‘काहीतरी ठीक वाटले नाही’ एवढेच सांगून निघून जातात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. शेजाऱ्यांना विनंती करून दर आठवड्याला प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतवावे आणि खिडक्या उघडाव्यात. टाकी धुऊन मोटर चालू ठेवावी, घासणारे दरवाजे रंधून घ्यावेत, गळके नळ आणि गेलेले दिवे बदलावेत, चौकटींना वाळवी असेल तर औषध मारून घ्यावे. हे सारे झाल्यावर सगळीकडे एकच फिकट रंग पुरेसा आहे.

सामानाविषयी. माळ्यावरच्या ट्रंका, जिन्याखालची रद्दी, मोडक्या खुर्च्या हे सर्व आधी काढावे, परंतु घर पूर्ण रिकामे करू नये; पलंग मावतो की नाही हे रिकाम्या खोलीत पाहणाऱ्याला कळत नाही आणि भिंतींवरचा एकूण एक चट्टा मात्र डोळ्यांत भरतो. देव्हाऱ्यातील देव आणि आईवडिलांच्या तसबिरी कोणी न्यायच्या हे तुम्ही भावांनी आधीच ठरवावे, कारण पाहुण्यांसमोर तो विषय निघाला तर तुमची मनःस्थिती त्यांना दिसते आणि घर विकण्याची घाई आहे असा अर्थ काढला जातो. झोपाळा मात्र राहू द्या. आपल्या शहरात झोपाळ्याच्या भक्कम कड्या असलेले घर गुजराती खरेदीदाराला लगेच आपले वाटते, हे मी वारंवार पाहिले आहे.

आमचे घर विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तळमजल्यावर सुमारे तीन फूट पाणी होते. दुरुस्ती व रंगकाम झाले आहे. खरेदीदाराने विचारले नाही तर पुराचा उल्लेख करावा का? केल्यास घर कोण घेणार?
— एक वाचक, समा

उल्लेख करावा, तोही स्वतःहून आणि पहिल्याच भेटीत. हे मी केवळ सचोटीच्या आग्रहामुळे म्हणत नाही. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याने जे पाहिले, त्यानंतर या शहरात घर घेणारा प्रत्येक जण पाण्याची चौकशी करतोच. तुम्हाला विचारले नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतो, इस्त्रीवाल्याला विचारतो आणि शेजारच्या आजींना विचारतो. त्यांच्याकडून कळलेले तीन फूट त्याच्या मनात पाच फूट होतात आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही सांगितलेल्या इतर सर्व गोष्टींवरचा त्याचा विश्वास उडतो.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार मालमत्तेतील किंवा हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि त्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही, तो उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. खचलेला पाया किंवा पाण्याखाली राहिलेले वायरिंग रंगाआड लपवणे हे या जबाबदारीशी सरळ विसंगत आहे. उलट लेखी सांगून टाकलेली गोष्ट नंतर तुमच्यावर उलटत नाही.

आता घर कोण घेणार, याविषयी. त्याच गल्लीत राहणारे, मुलांसाठी किंवा भावासाठी जवळच दुसरे घर शोधणारे लोक हे तुमचे पहिले खरेदीदार. त्यांना पाण्याची सवय आहे आणि भागाची किंमतही ठाऊक आहे. त्यांना आणि इतरांनाही पूर आला होता हे ऐकण्यापेक्षा त्यानंतर घरात काय केले हे ऐकण्यात अधिक रस असतो, आणि तिथेच तुमची तयारी उपयोगी पडते. पाण्याच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंतचा गिलावा काढून विटा वाळू दिल्या होत्या का? पुरानंतर लगेच पुट्टी मारून रंग दिला असेल तर विटांतील क्षार अजून बाहेर येत असतील, आणि अशा वेळी तो भाग पुन्हा उघडून एक हिवाळा वाळू देणे हेच शहाणपणाचे आहे, मग विक्री सहा महिने लांबली तरी चालेल. स्विचबोर्ड आणि मीटर पाण्याच्या रेषेच्या वर घेतले आहेत का? जमिनीखालची टाकी निर्जंतुक करून घेतली आहे का? आपल्याकडे नदीचे पाणी रस्त्यावरून येते त्याच्या आधीच पुष्कळदा कांस (पावसाळी नाले) आणि ड्रेनेज यांतून उलटे वर येते. तळमजल्याच्या ड्रेनेजवर पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवून घेतला तर ते काम खरेदीदाराला झाकण उघडून दाखवता येते. या प्रत्येक कामाचे बिल आणि काम चालू असतानाची छायाचित्रे एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवावीत. पाणी जिथवर आले होते तिथे जिन्याजवळ लहानशी खूण ठेवली तरी हरकत नाही. खूण ठेवणाऱ्या माणसाने काही लपवले असेल असे कोणाला वाटत नाही.

भाव ठरवताना उंचावरच्या रस्त्यावरील घराशी तुलना करू नका. ऑगस्ट २०२४ नंतर तुमच्याच गल्लीत प्रत्यक्ष दस्तावेज (नोंदणीकृत खरेदीखत) झालेली घरे कोणत्या भावाने गेली याची माहिती काढा आणि त्यापासून फार वर जाऊ नका. अवास्तव भाव लावलेले घर वर्षभर बाजारात पडून राहिले की सर्व दलालांना त्याची माहिती होते, आणि पुढे भाव उतरवला तरी ‘या घरात काहीतरी आहे’ ही चर्चा थांबत नाही. पावसाळ्यात घर दाखवायला कचरू नका. चांगला पाऊस पडून गेल्यावर कोरडे घर पाहिलेल्या माणसाला वेगळ्या ग्वाहीची गरज उरत नाही.

बाबाजीपुऱ्यातील आमचे जुने लाकडी घर अजून आजोबांच्या नावावर आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. एक आत्या नागपूरला, माझा भाऊ अमेरिकेत. खाली एका भाडेकरूचे दुकान आहे. खरेदीदार तयार आहे; आधी बानाखत (विक्रीचा करार, साठेखत) करून कागदपत्रे नंतर केली तर चालेल का?
— एक वाचक, बाबाजीपुरा

क्रम उलटा करा. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव असताना तुम्ही एकट्याने केलेले बानाखत तुम्हालाच अडकवणारे ठरेल, कारण ठरलेल्या मुदतीत स्वच्छ हक्क देण्याचे वचन तुम्ही देऊन बसाल आणि ते पाळणे इतरांच्या सह्यांवर अवलंबून राहील. आधी वारसाई नोंद करून घ्या. आत्यांचा हक्क गृहीत धरून त्यांना वगळण्याचा विचारही मनात आणू नका. आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत असेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगी पहिल्या वर्गातील वारस आहेच, आणि वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलासारखाच जन्मजात हक्क दिला आहे. त्यांना वाटा घ्यायचा असेल तर त्या विक्रीत सही करतील. सोडायचा असेल तर आपल्याकडे ज्याला ‘हक्क कमी’ म्हणतात तो दस्तऐवज रीतसर नोंदवून घ्यावा. नुसते संमतीपत्र किंवा फोनवरचा होकार उपयोगाचा नाही.

भाऊ परदेशात असल्यामुळे त्यांचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवावे आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. मात्र हे मुखत्यारपत्र दस्तावेजावर त्यांच्या वतीने सही करण्यापुरतेच आहे. मुखत्यारपत्रावरच घर ‘विकता’ येते हा गैरसमज सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच दूर केला आहे. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर खरेदीदाराला करकपात बऱ्याच वरच्या दराने करावी लागते, आणि ती नफ्यावर न होता त्यांच्या वाट्याच्या संपूर्ण रकमेवर होऊ नये यासाठी आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधीच मागवावे लागते. खरेदीदाराला हे आयत्या वेळी कळले तर ठरलेला व्यवहार मोडतो, म्हणून सुरुवातीलाच सांगा.

भाडेकरूचा हक्क घर विकल्याने संपत नाही. नवा मालक त्याचा घरमालक होतो एवढेच. त्यामुळे त्याच्याशी आधी बोलणी करून तो राहणार की जागा सोडणार हे लेखी ठरवा आणि खरेदीदाराला तो कागद दाखवा. तुमचे घर अशांत धाऱ्याखाली, म्हणजे दंगलप्रवण भागांतील मालमत्ता हस्तांतरणावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली, जाहीर झालेल्या भागात येते का, हेही तपासून घ्या. येत असेल तर १९९१ च्या त्या कायद्यानुसार विक्रीआधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. मागच्या चौकात किंवा वरच्या मजल्यावर परवानगीवाचून काही बांधलेले असेल तर इम्पॅक्ट फी भरून ते नियमित झाले आहे का याचा कागद शोधा, कारण बँकेचा मूल्यनिर्धारक तेवढा भाग धरतच नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी कोरीव सागवानी दाराविषयी विचारले आहे. जुन्या लाकडाचे व्यापारी अशा दारांवर डोळा ठेवून असतात आणि त्यासाठी घराहून वेगळी किंमत देऊ करतात. घरात कायम बसवलेली वस्तू घराबरोबरच विकली गेली असे धरले जाते. म्हणून दार, खांब किंवा तुळया तुम्हाला ठेवायच्या असतील तर तसे बानाखतात शब्दशः लिहा. माझे वैयक्तिक मत विचाराल तर दार घरालाच राहू द्या. बडोद्याच्या गल्ल्यांतून असे काम फार झपाट्याने नाहीसे होत आहे, आणि दर्शनी दार उखडलेले घर खरेदीदाराला पाडण्याच्याच लायकीचे दिसू लागते.

खरेदीदार म्हणतो, दस्तावेज जंत्रीच्या (सरकारने ठरवलेल्या किमान) भावाने करू आणि उरलेली रक्कम रोख देतो. सगळेच असे करतात असे तो म्हणतो. आमचे घर वडिलांनी १९७८ मध्ये घेतले होते. कर किती भरावा लागेल?
— एक वाचक, मांजलपूर

रोख घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम, आगाऊ म्हणूनसुद्धा, रोखीने स्वीकारल्यास स्वीकारणाऱ्यावर तितक्याच रकमेचा दंड बसू शकतो. म्हणजे धोका सर्वस्वी तुमचा. शिवाय रोख घेतलेल्या पैशातून तुम्ही उघडपणे दुसरे घर घेऊ शकत नाही, करसवलत मागू शकत नाही, आणि उद्या सौदा मोडला तर त्या पैशाचा पुरावा कुठेच नसतो.

कराची भीती बहुतेक वेळा कर न समजल्यामुळे असते. २४ महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या घरावरील नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे, मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के दराने हिशोब करण्याचा पर्याय आहे आणि दोहोंतील कमी कर भरता येतो. तुमचे घर १९७८ चे असल्यामुळे मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून अहवाल घ्यावा. पुष्कळ घरांच्या बाबतीत या एका अहवालाने कराचा आकडा एवढा उतरतो की रोखीचा मोह आपोआप सुटतो. विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सवलत मिळते. ते नको असेल तर सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवता येतो, परंतु पैसे पाच वर्षे अडकतात. विक्री किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का कापून तुमच्या पॅनवर भरेल. ती रक्कम तुमच्या करातच वळती होते.

जंत्रीतील जमिनीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले असल्यामुळे काही जुन्या भागांत खरा भाव जंत्रीच्या जवळपास किंवा खालीही असू शकतो. दस्तावेजातील किंमत जंत्रीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर करासाठी जंत्रीची किंमतच धरली जाते, हे ध्यानात ठेवून आकडा लिहा.

या माणसाला नाही म्हटल्यावर घर पडून राहील अशी धास्ती बाळगू नका. रिफायनरी, रेल्वे, विद्यापीठ, बँका यांतील पगारदार खरेदीदाराला कर्ज हवे असते आणि कर्ज दस्तावेजाच्या किमतीवर मिळते. त्याला पूर्ण किमतीचा कागदच सोयीचा असतो. त्याला हेही सांगा की गुजरातेत ४.९ टक्के मुद्रांक शुल्काखेरीज एक टक्का नोंदणी फी लागते, परंतु खरेदी केवळ महिलेच्या नावाने केली तर ती फी माफ आहे. घर दाखवतानाच ही गोष्ट सांगितली की पुष्कळ जोडपी तिथल्या तिथे हिशोब करू लागतात.

घर विकायला कोणता महिना चांगला?
— एक वाचक, रावपुरा

पितृपक्षात आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या कमुरत्यात (अशुभ मानल्या जाणाऱ्या काळात) येथे बानाखत होत नाहीत, परंतु लोक घरे पाहत असतात, आणि परदेशस्थ मंडळीही याच थंडीच्या दिवसांत गावी आलेली असतात. त्यामुळे कागद आणि दुरुस्ती दिवाळीपर्यंत पूर्ण करून डिसेंबरात घर दाखवावे आणि उत्तरायणानंतर सौदा पक्का करावा. अक्षय्य तृतीया आणि दसरा हे दिवसही बरेच जण धरून बसतात.

आमच्याकडे मासे शिजतात. घर पाहायला येणारे बहुतेक शाकाहारी असतात. हे लपवावे का? फोटो कसे काढावेत?
— एक वाचक, कारेलीबाग

आपण आपल्या घरात काय खातो यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु वास हा स्वच्छतेचा भाग आहे, म्हणून घर दाखवायच्या आदल्या दिवशी तळण-रश्श्याचा बेत ठेवू नये, ओट्याजवळच्या टाइलांच्या रेघा सोड्याने घासून घ्याव्यात आणि पडदे धुवावेत. फोडणीचा आणि तेलाचा वास शाकाहारी स्वयंपाकघरातही तितकाच मुरलेला असतो. फोटो सकाळच्या उजेडात, सर्व खिडक्या उघडून, खोलीच्या कोपऱ्यातून काढावेत. पहिला फोटो रस्त्यावरून दिसणाऱ्या घराचा असावा आणि एक फोटो गच्चीचा हवाच. खोली आहे त्याहून मोठी दाखवणारे फोटो टाकू नयेत. प्रत्यक्ष पाहायला आल्यावर माणूस दारातच हिरमुसतो.

मी वाडीत एकटी राहते, वय ७४. पुण्याला मुलीकडे जायचे ठरले आहे. अनोळखी माणसे घर पाहायला येतात त्याची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, वाडी

आजी, तुमची भीती अगदी रास्त आहे. घर पाहण्यासाठी आठवड्यातला एकच दिवस आणि ठरलेली वेळ ठेवा, शक्यतो रविवारी सकाळी, आणि त्या वेळी शेजारच्या कोणालातरी घरात बसवून घ्या. येणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर दलालाकडून आदल्या दिवशी मागवून मुलीला कळवा. फाटकावर पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर तुमचा फोन न लिहिता मुलीचा लिहा, म्हणजे घरात एकटे माणूस राहते हे रस्त्यावरच्या कोणालाही कळणार नाही. किल्ली दलालाकडे ठेवू नका. दागिने, औषधे आणि बँकेची पुस्तके ज्या कपाटात आहेत त्याला कुलूप लावून किल्ली अंगावर ठेवा. इतर कपाटे उघडून दाखवायला हरकत नाही.

विकले जाईपर्यंत तुम्हाला तिथे राहायचे आहे, तेव्हा दुरुस्तीच्या नावाखाली एकाच वेळी सगळे घर उकलू देऊ नका. एक खोली पूर्ण झाल्यावरच दुसरी. ताबा केव्हा द्यायचा ते बानाखतात लिहून घ्या आणि सामान हलवण्यासाठी दस्तावेजानंतरही काही दिवस लागणार असतील तर तेवढी मुदत त्यातच मागून घ्या. मूळ दस्तावेज, वेऱ्याच्या (घरपट्टीच्या) पावत्या, वीजबिल आणि गॅसजोडणीचे कागद यांच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. पाहायला आलेल्याला प्रतच दाखवा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये असू द्या आणि खरेदीदाराच्या वकिलाला ते पाहायचे असतील तर मुलगी आलेली असताना, बँकेतच दाखवा.